वाटीभर स्पिरिट

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पॉलिशवाला होता. आमच्या सुतारकारखान्यात त्याला सगळे आरसा म्हणत. त्याने पॉलिश केलेल्या टेबलावर वाकून मालक मिशा नीट करायचे, त्यावरून हे नाव पडलं. माणूस अंगाने बारीक, बोटं लांब आणि नखांच्या कडा कायम तांबूस. लाखेचा रंग नखातून जात नाही.

त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. त्या कारखान्यात मी एकतीस वर्षं मिस्त्री होतो. सांध्यात कागद शिरला तर सांधा उकलून पुन्हा करायला लावायचो. अंगावर घेतलेल्या कामाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचो नाही. दहा फुटी फळी करवतीवर एकट्याने चढवायचो. दुसरं टोक धरायला कोणाला हाक मारल्याचं मला आठवत नाही. मालक म्हणायचे, मिस्त्री मेल्यावर खांदा द्यायलाही स्वतःच येणार. मी हसायचो नाही, पण आतून बरं वाटायचं.

आरशाला कारखान्यात मी आणलं आणि बहिणीसाठी स्थळ म्हणूनही मीच सुचवलं. कारखान्यात मी त्याला अरे-तुरे करायचो, घरी दाजी आणि तुम्ही म्हणायचो. तो दोन्हीकडे मला दादाच म्हणायचा. पुढे त्याची दारू वाढली, तसं घरातलं तुम्ही मी काढून घेतलं. त्याने कधी त्याची खंत केली नाही.

पंधरा वर्षं तो प्यायला. त्या पंधरा वर्षांचं वर्णन करत नाही. ज्याच्या घरात हे झालंय त्याला सांगायला नको, आणि ज्याच्या घरात नाही त्याला सांगून कळत नाही. बहिणीने त्याला तीनदा रस्त्यावरून उचलून आणलं. चौथ्यांदा त्याची वळकटी दाराबाहेर ठेवली. ती शाळेचे गणवेश शिवते. मशीनवरून न उठता तिने सांगितलं, एक वर्ष. सलग. एक दिवसही मध्ये गेला नाही तर वळकटी घेऊन परत ये. गेला तर येऊ नकोस.

तो टायरच्या दुकानावर एक खोली घेऊन राहू लागला. खोलीत एक खाट, एक खिळा आणि खिळ्याला शर्ट.

माझं मत असं होतं की दारू म्हणजे आळस. घाम गाळला की ती अंगातून निघून जाते. मी त्याला इतकी वर्षं एकच सांगत आलो होतो, मन घट्ट कर. तो करायचा. ते पंधरा दिवस टिकायचं.

या वेळी तो एका गटात जाऊ लागला. दारू सुटलेली आणि सुटू पाहणारी माणसं दर गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात जमायची. वर्ग पहिलीचा. बाकं सहा वर्षांच्या पोरांची. त्यावर ट्रकवाले, हमाल, एक निवृत्त हेडक्लार्क, असे बाप्ये गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले. एकदा त्याला निरोप द्यायला गेलो तेव्हा दाराशी उभं राहून मी थोडं ऐकलं. गटाचं बघणारा एक म्हातारा बस-कंडक्टर होता. एकोणीस वर्षं त्याने थेंब घेतला नव्हता. तोही उठून इतरांसारखंच म्हणाला, दारूपुढे माझं काही चालत नाही, मला रोज मदत लागते. एकोणीस वर्षांनंतर.

बाहेर आल्यावर मी आरशाला म्हटलं, हरल्याचं एवढं कौतुक मी पहिल्यांदाच बघितलं.

"हरलो असं कबूल करत नव्हतो, म्हणून तर पंधरा वर्षं प्यायलो, दादा," तो म्हणाला.

पहिला महिना त्याने फक्त घासकाम केलं. काचपेपरने लाकूड घासायचं, धूळ पुसायची. मग पॉलिशचा प्रश्न आला. आमचं पॉलिश लाखेचं. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापडात गुंडाळलेला कापसाचा बोळा त्यात बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. वीस-पंचवीस हात द्यावे लागतात. मालकांना फवाऱ्याचं मशीन आणायचं होतं. मीच आडवा आलो होतो. मशीनचा रंग लाकडावर बसतो, हाताचा लाकडात जातो, असं माझं म्हणणं. आणि हाताने करणारा आमच्याकडे एकच होता.

कारखान्यात स्पिरिटचा वीस लिटरचा डबा असायचा. कोणी पिऊ नये म्हणून त्यात विष मिसळलेलं असतं, डब्यावर तसं लाल अक्षरांत लिहिलेलंही असतं. पण ज्याला ती तलफ असते, त्याला लाल अक्षरं दिसत नाहीत. वास तर दारूचाच.

आरसा माझ्याकडे आला आणि त्याने एक पद्धत सांगितली. गटातल्या लोकांशी बोलून त्याने ती ठरवली होती. डबा कुलपाच्या कपाटात ठेवायचा. चावी माझ्याकडे. सकाळी मी त्याला एका वाटीत दिवसाचं पॉलिश काढून द्यायचं. ते लाख घातलेलं, चिकट, घशाखाली न उतरणारं. बसायचं माझ्या बाकासमोर, माझ्या नजरेत. संध्याकाळी वाटी आणि बोळा दोन्ही माझ्याकडे परत.

मला ते पोरकट वाटलं. चाळीस पार केलेला माणूस वाटी घेऊन उभा राहतो. पण काम हवं होतं, म्हणून हो म्हटलं.

रोज सकाळी मी कुलूप काढायच्या आधी तो कपाटाच्या दारावर हात ठेवून जरा वेळ डोळे मिटून उभा राहायचा. एक दिवस मी विचारलं, मनात कोणाला विनवतोस?

"माहीत नाही. जो कोणी माझ्यापेक्षा मोठा असेल त्याला."

"म्हणजे मालकाला."

"मालक चालले असते, दादा. पण ते जेवायला जातात."

संध्याकाळी वाटी परत देताना तो दोनच शब्द बोलायचा, "आजचा झाला." किती झाले ते तो कधी सांगायचा नाही. मोजायचो मी, घासकामाच्या पहिल्या महिन्यापासूनचे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी सुतारी पेन्सिलने रोज एक रेघ ओढायचो, पाचवी आडवी. कामाची मोजदाद ठेवायची सवय. दीडशे झाल्या, अडीचशे झाल्या. त्याने त्या रेघा पाहिल्या आणि म्हणाला, दादा, एवढ्या मोजू नका, मला भीती वाटते. मी म्हटलं, ही तुझी मेहनत आहे. तो म्हणाला, मेहनत तुमची आहे, मी नुसता वाटी धरतो. मला वाटलं, लाजतोय.

बहीण मला दर रविवारी विचारायची, किती? मी आकडा सांगायचो. पुढचा कपडा मशीनखाली सरकवताना तिचा हात हलका पडायचा. तीनशे झाल्यावर तिने घरातल्या त्याच्या खाटेची दोरी नव्याने विणून घेतली.

तीनशे अडतिसाव्या रेघेला ग्रंथालयाचं काम निघालं. बारा लांब टेबलं आणि भिंतभर फळ्यांची कपाटं. टेबलं कारखान्यात पॉलिश व्हायची होती, कपाटं जागेवर बसवायची होती. मला तीन दिवस तिकडे जावं लागणार होतं.

आरसा म्हणाला, चावी मालकांकडे द्या. मालक गावाला जाणार होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. मग तो म्हणाला, तर तीन दिवस मला घासकाम द्या, पॉलिश तुम्ही आल्यावर करू.

टेबलं सोमवारी द्यायची होती. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की मला त्याचा राग आला. सव्वीस-सत्तावीस दिवस राहिले होते आणि हा अजून पोरासारखी वाटी मागत होता. उद्या घरी गेल्यावर कोण वाटी देणार होतं? मी त्याला तसं बोललो. कारखान्यातल्या चार माणसांदेखत बोललो. म्हटलं, माणूस आहेस की पांगुळगाडा? किल्ली ही बघ, तुझ्या बाकावरच्या खिळ्याला लावतो. माझा विश्वास आहे तुझ्यावर.

"तुमचा असेल, दादा. माझा नाही," तो म्हणाला. "विश्वास ठेवायचाच तर कुलपावर ठेवा."

चौघे हसले. मी किल्ली खिळ्याला अडकवली आणि निघालो. त्याने ती काढून माझ्यामागे दारापर्यंत आणली होती. मी मागे वळलो नाही. हे मला नंतर त्या चौघांपैकी एकाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुटीत मालक परत आले, तेव्हा आरसा कपाटासमोर जमिनीवर पडला होता. पाच टेबलं पॉलिश झालेली होती. सहाव्यावर बोळा तसाच पडून वाळला होता.

तो वाचला. मूत्रपिंडं अर्धी गेली आणि डोळे गेले. अगदी मिट्ट काळोख नाही. मधलं दिसेना, कडेचं धुरकट दिसायचं. समोरच्या माणसाकडे बघायचं तर तो मान वळवून दुसरीकडे बघायचा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बहिणीने मला विचारलं, "दादा, डबा कुलपात होता ना? चावी तुझ्याकडे होती ना?"

मी म्हटलं, मी ग्रंथालयाच्या कामावर होतो. त्याने कुठून तरी मिळवली असणार.

एवढंच वाक्य. मी आयुष्यात पुष्कळ लाकूड कापलं आहे, एकदा कापलं की जोडता येतं पण वाढवता येत नाही. त्या वाक्याचं तसंच झालं. बहीण आत गेली आणि तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, हो, चावी मी घेतली. ती तशीच उलट पावली बाहेर आली. म्हणाली, आता पुन्हा एकपासून. आणि बस धरून घरी गेली.

मी कारखान्यात आलो आणि कपाटाच्या दारावरच्या रेघा रंध्याने काढून टाकल्या. आठ हात मारले. पातळ सालं निघाली, त्यावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. ती मी इतर भुश्शात लोटली.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी तो माझ्या घरी आला. सोबत कंडक्टर. कंडक्टरने त्याचं कोपर धरलं होतं आणि तो धरू देत होता, जिना आला की विचारत होता, किती पायऱ्या. त्यांच्या गटात एक रीत आहे. ज्याच्या ज्याच्याशी आपण चुकलो, त्याच्या दारात जाऊन ते सांगायचं. कारणं द्यायची नाहीत. समोरच्याने हाकलून दिलं तरी चालेल.

तो उभा राहिला. माझ्या कानाच्या बाजूला बघत म्हणाला, "दादा, तुमच्या कपाटातलं मी चोरून घेतलं. तुम्ही विश्वास ठेवला होता, तो मी मोडला. माफी मागायला आलोय."

आता बोलायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटली म्हणतात, तसं काही झालं नाही. जीभ मोकळी होती. मी म्हटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. बस, चहा घे.

म्हणजे मी त्याला माफ केलं.

चहा घेताना कंडक्टर सगळा वेळ कपात बघत होता. आरशाने त्याला काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण एकोणीस वर्षं माणसांचं खरं-खोटं ऐकलेला तो माणूस. निघताना दारात थांबला आणि म्हणाला, "मिस्त्री, कधी यावंसं वाटलं तर गुरुवारी या. आमच्याकडे सगळे चालतात. फक्त बाकं लहान आहेत."

मी म्हटलं, मी पीत नाही.

तो म्हणाला, ते दिसतंच आहे.

आरसा पुन्हा कामावर आला. पॉलिश बंद, फक्त घासकाम. मालकांनी फवाऱ्याचं मशीन आणलं, मी एक शब्द बोललो नाही. तो डोळे मिटून घासायचा. म्हणायचा, उघडे ठेवले की धूर दिसतो, मिटले की लाकूड कळतं. मी त्याची प्रत्येक फळी तपासायचो, उजेडात तिरपी धरून. एकही ओरखडा सापडला नाही. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी जाताना तो माझ्या बाकाशी यायचा. परत द्यायला वाटी नव्हती. तरी म्हणायचा, "आजचा झाला." एकदा मी विचारलं, तुला याचा कंटाळा येत नाही? एवढे दिवस पाण्यात गेले, पुन्हा पहिल्यापासून?

तो म्हणाला, "पाण्यात कसे गेले? ते दिवस मी शुद्धीत होतो. ते कुठे जातात?"

बहीण आकडा विचारेना. मी सांगायला गेलो तर मशीन जोरात चालवायची. खाट भिंतीला उभी केलेली होती. तिला सांगावं असं मला रोज वाटायचं, आणि रोज मी उद्यावर ढकलायचो. उद्या सोडतो, उद्या सोडतो, असं तो पंधरा वर्षं म्हणाला होता आणि मी त्याला हसलो होतो.

सातव्या महिन्यात त्याची उरलेली मूत्रपिंडंही थांबली. दवाखान्यात बारा दिवस होता. शेवटच्या आठवड्यात बहीण डबा घेऊन यायची, खाटेशी बसायची, पण घरी चल असं म्हणाली नाही. तीही माझ्याच आईबापांची. दिलेला शब्द म्हणजे ठोकलेला खिळा.

शेवटच्या दुपारी मी एकटा होतो. त्याचा हात हातात घेतला. नखांचा रंग तेव्हा कुठे फिका झाला होता. मी सुरुवात केली. म्हटलं, दाजी, ती किल्ली. तो म्हणाला, तुम्ही दाजी म्हणालात. आणि हसला. मग भिंतीकडे मान वळवून, म्हणजे माझ्याकडे बघून, त्याने विचारलं, "किती वाजले? आजचा झाला का?"

तीन वाजले होते.

"झाला," मी म्हटलं. किल्लीचं तसंच राहिलं. पाचला तो गेला.

नंतरच्या गुरुवारी मी त्या वर्गात गेलो. पहिलीच्या बाकावर बसलो. गुडघे छातीला लागले. माझ्या उंचीच्या माणसाला त्या बाकावर ताठ बसता येत नाही, कसंही बसलं तरी वाकावंच लागतं. माझी पाळी आली तेव्हा मी खिळ्याचं, किल्लीचं आणि व्हरांड्यातल्या वाक्याचं सांगितलं. कोणी तोंड वेंगाडलं नाही, कोणी धीरही दिला नाही. एका हमालाने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

कंडक्टर म्हणाला, "बरं केलंत. पण ज्याने हे ऐकायचं, ते माणूस या खोलीत नाही."

दुसऱ्या दिवशी बहिणीकडे गेलो. ती बाह्या जोडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. कारणं दिली नाहीत. मशीन थांबलं. तिने सुई वर केली, कापड बाहेर काढलं, दोरा तोडला. सगळं सावकाश.

"हे तू दवाखान्यात सांगितलं असतंस, तर मी त्याला तिथूनच घरी आणलं असतं," ती म्हणाली.

मग म्हणाली, "सात महिने, दादा. टायरच्या दुकानावर. आंधळा."

मी वाट बघत उभा राहिलो. तिने पुढची बाही घेतली आणि मशीन सुरू केलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी कामावरून निवृत्त झालो. गुरुवारी शाळेत जातो, आधी जाऊन बाकं पुसतो आणि नंतर कप धुतो. हे काम आरसा करायचा. पहिल्यांदा कंडक्टरने माझा कप उजेडात तिरपा धरून तपासला आणि म्हणाला, मिस्त्री, पुन्हा. मी पुन्हा धुतला. कारखान्यात शिकलो नाही ते तिथे शिकतोय. ते लोक रोज सकाळी मदत मागतात, कोणाकडे ते पुष्कळांना ठाऊक नाही, आणि संध्याकाळी ती मिळाली म्हणून आभार मानतात. मला अजून नीट मागता येत नाही. ओठ हलतात, त्यापुढे जात नाही.

रविवारी बहिणीकडे जातो. पहिलं वर्ष पायरीवरच बसून परत यायचो. ती दार लावायची नाही आणि बोलवायचीही नाही. तिने मला मुदत घातली नाही, मीही विचारली नाही. दुसऱ्या वर्षी ती बाहेर चहा ठेवू लागली.

गेल्या रविवारी आतूनच म्हणाली, मशीनचं टेबल हलतंय.

मी आत गेलो. मागचा पाय सांध्यात सैल झाला होता. टेबल उपडं करायला हवं होतं. वर लोखंडी मशीन, वजन बरंच. माझा उजवा खांदा आता उतरलाय, पण बेतानं, गुडघा लावून, ते एकट्याला जमलं असतं.

भिंतीशी ती खाट अजून उभीच होती.

मी म्हटलं, "जरा दुसरं टोक धरतेस का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग कपडे बाजूला ठेवले आणि धरलं.